खुणेची पावती

कंपनीची बस पावणेदहाला नाक्यावर येते.
कोपरखैरणे, सेक्टर पाच, बैठं घर,
दारापासून नाका सातशे पावलं.
म्हणजे साडेनऊला मला पुस्तक मिटावंच लागतं,
गोष्टीत कुणी बुडत असलं तरी.

पुस्तक रद्दीच्या दुकानातलं, किलोवर घेतलेलं,
कव्हर नाही, नाव नाही,
वजनात सोबत दोन दिवाळी अंक आणि एक जुनं पंचांग.
दीपगृहावर राहणाऱ्या एका पोराची गोष्ट.
मी काही वाचणारा माणूस नव्हे.
रबाळ्याच्या प्लांटमध्ये लॉगबुक भरतो,
तापमान, दाब, सही.
जोडाक्षर आलं की माझी जीभ
स्पीडब्रेकरवर रिक्षा आदळावी तशी आदळते
आणि रेवण हसतो. आठ वर्षांचा आहे.
हसू दे. हसायला का होईना, जवळ बसतो.

पहिल्या रात्री थांबलो तेव्हा
वादळात दिवा विझला होता
आणि काडेपेटी भिजलेली.
"पुढं काय?"
"उरलेलं उद्या," म्हणालो, डबा उचलला,
खुणेला गॅसची पावती घातली.
तो गल्लीच्या टोकापर्यंत भांडत आला, अनवाणी.

खरं सांगतो, यात माझी काही युक्ती नव्हती.
शाळेतल्या मीटिंगला बाईंनी विचारलं,
"घरी वाचनाची गोडी कशी लावलीत?"
मी टेबलाकडे बघत राहिलो.
गोडी कसली बाई,
बस चुकली तर खाडा पडतो.

मग एकदा पावती सरकली.
मी बासष्टवर ठेवलेली, निघाली सत्तरवर,
आणि पानाच्या कोपऱ्याला चटणीचं बोट.
मी संजीवनीकडे बघितलं.
भाकरी थापता थापता तिनं नुसती मान हलवली: मी नाही.
मी गुपचूप बासष्टपासूनच वाचायला घेतलं
आणि हा गडी, सगळं ठाऊक असून,
बरोब्बर जागेवर "अरे बापरे!" म्हणाला.
एकदा तर जागा यायच्या आधीच म्हणाला.
दोघंही गप्प बसलो.

नवरात्रापासून मात्र त्याचं काहीतरी बिनसलं.
"पप्पा, हळू वाच ना."
"आज एकच पान."
"ते मागचं परत वाच, कासवाचं."
वाचायला बसलो की याला तहान लागायची.
मी मनात म्हटलं, संपलं,
शेवटी मोबाइल जिंकला.

काल कळलं.
एकशे अठराव्या पानावर
एक होडी दीपगृहाच्या पायऱ्यांना लागते,
पोरगा वरून ओरडतो, "कोण आहे?"
आणि पुढं पान नाही.
शिवणीचा दोरा, वाळलेला डिंक, मागचा पुठ्ठा. बस्स.
रद्दीवाला वजन बघतो, शेवट नाही.
मी रेवणकडे वळलो.
त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.
आठ दिवस हे तो एकटाच सांभाळत होता,
मला कळू नये म्हणून.

"मला माहितीये कोण आहे ते," म्हणाला.
गादीवर मांडी घातली, पुस्तक माझ्या हातातून घेतलं
आणि नसलेलं पान वाचायला लागला,
कोऱ्या पुठ्ठ्यावर ओळीगणिक बोट फिरवत,
कुठंही न अडखळता.
होडीत एक माणूस होता, दाढी वाढलेली.
त्याच्या मुठीत कोरडी काडेपेटी होती.
त्यानं वर बघितलं आणि तोंड उघडलं,

साडेनऊ.
रेवणनं पावती घातली. पुस्तक मिटलं.
"उरलेलं उद्या."
"अरे, एवढं वाक्य तरी पुरं कर."
"बस जाईल तुझी."

सातशे पावलं कशी पडली ठाऊक नाही.
घणसोली मागं गेली, बसमध्ये सगळे पेंगलेले,
मी खिडकीला डोकं टेकून:
काय म्हणाला असेल तो माणूस?
पहाटे तीनच्या रकान्यात
दाब लिहायच्या जागी
मी लिहिलं, "कोण आहे?"
मग खोडलं, आणि बाजूला सही केली.